काही न करण्याचा चार्ज

मी खोली बघायला गेले तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते आणि त्या घरात काळोख होता. भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादमधल्या त्या गल्लीत बाहेर ऊन नुसतं तडतडत होतं, आणि आत पडदे ओढलेले, दिवे बंद, सगळं चिडीचूप. एक बाई दाराशी आल्या, ओठांवर बोट ठेवून मला आत घेतलं आणि सोफ्यावर बसवलं. समोरच्या खुर्चीत एक गृहस्थ मान खाली घालून बसले होते. अशा घरात कसं वागायचं असतं ते मला ठाऊक होतं. मी चेहरा लहान केला आणि बाईंकडे झुकून विचारलं, केव्हा झालं?

"बारा वाजता," त्या कुजबुजल्या.

"अचानक?"

"नाही गं. रोजच होतं."

डोळे अंधाराला सरावले तेव्हा दिसलं की भिंतींना लागून काचेचे टँक मांडलेले आहेत. हॉलमध्ये सात, आतल्या खोलीत दोन, स्वयंपाकघरात एक आणि न्हाणीघराच्या खिडकीत एक. असे अकरा. त्यांत मासे थोडे आणि झाडी फार. कोणीही गेलेलं नव्हतं. पाण्यातल्या वनस्पतींची विश्रांतीची वेळ होती. बारा ते चार.

त्या गृहस्थांचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव छापलेलं त्यांना आवडत नसे. छापायचंच असेल तर पदनाम छापावं, असं ते म्हणत. पण पद निवृत्तीबरोबर गेलं होतं. म्हणून काका. त्यांचे वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले आणि इथलेच झाले. काका स्वतः एका सरकारी खात्याच्या आस्थापना शाखेत छत्तीस वर्षं होते, म्हणजे दुसऱ्यांच्या नेमणुका, बदल्या, रजा आणि चौकशा यांचे कागद सांभाळणं हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर माणसं संपली, म्हणून त्यांनी पाणवनस्पती धरल्या. पद्धत तीच ठेवली.

प्रत्येक टँकची एक फाईल होती. प्रत्येक झाडाची त्यात नोंद. जे झाड वर्षभर टिकलं ते कायम, त्याआधीचं सगळं रोजंदारीवर. एका टँकमधून दुसऱ्यात झाड हलवायचं तर आधी बदलीचा आदेश निघायचा, तारखेसह. शेजारच्या शाळामास्तरांनी एकदा काकांकडून एक क्रिप्ट नेलं. क्रिप्ट म्हणजे लांबट तपकिरी पानांचं एक हळू वाढणारं झाड. आठ दिवसांत त्याची सगळी पानं विरघळली, तसे मास्तर मुळांचा तो लगदा वाटीत घालून परत घेऊन आले. काकांनी वाटी निरखून बघितली आणि सांगितलं, "मेलेलं नाही. बदली झाल्यावर पहिले तीन आठवडे कोणीच काम करत नाही. मी सागरला गेलो होतो तेव्हा मीही केलं नव्हतं." मास्तरांनी तो लगदा पुन्हा लावला. महिन्याभराने त्याला पानं आली, आणि त्यानंतर मास्तर काकांना रस्त्यात भेटले की स्कूटर थांबवून नमस्कार करायचे.

काकांची सगळी विद्या एका वाक्यात मावत होती: तळाला बागेतली साधी माती इंचभर, तिच्यावर वाळू दीड इंच, पहिल्याच दिवशी टँक झाडांनी गच्च भरायचा, आणि मग हात बाहेर काढायचा. गॅसचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही, खताची बाटली नाही. मातीत जे सडतं आणि मासे जे उच्छ्वासातून सोडतात तेवढा वायू झाडांना पुरतो, पण जपून पुरतो. सकाळी चार तास दिवा लागला की तो संपत येतो. मग चार तास अंधार ठेवला की पुन्हा साठतो. "दुकानात माल नाही आणि शटर उघडं," काका म्हणायचे, "मग आत कोण शिरेल? चोर. शेवाळ म्हणजे तेच." शेवाळाविषयी त्यांना राग मात्र नव्हता. शेवाळ हा रोग नाही, तो अर्ज आहे, असं त्यांचं मत होतं. कुठेतरी काहीतरी जास्त झालंय, एवढंच ते कळवतं. अर्जदाराला मारून अर्ज निकाली निघत नाही.

काकू मूळच्या ग्वाल्हेरच्या. त्यांनी या बारा ते चारला शरण जाऊन स्वतःपुरती वाट काढली होती. साडेअकराला स्वयंपाक उरकायचा, बाराला आतल्या खोलीत जाऊन डोक्यावरून दोहर घ्यायची आणि आत मोबाईलवर मालिका बघायची. ऐन जूनमध्ये भोपाळच्या उकाड्यात ती दोहर आतून निळी निळी उजळायची. काका अधूनमधून येऊन दोहरीच्या कडा गादीखाली खोचून जायचे. माया म्हणून नाही, प्रकाश गळू नये म्हणून.

आमचं भांडण या अंधारावरूनच झालं. मी एम. पी. नगरातल्या एका कोचिंग क्लासच्या नोट्स तपासत असे. क्लासला चारनंतर जायचं आणि दुपारी घरी बसून कागद संपवायचे. माझ्या खोलीची एकच खिडकी, ती शेजारच्या भिंतीवर उघडणारी. दिवा लावल्याशिवाय अक्षर दिसत नसे, आणि दिवा लावला की माझ्या खोलीच्या आणि हॉलच्या मधल्या काचेच्या तावदानातून उजेड थेट नऊ नंबरच्या टँकवर पडे. पहिल्याच आठवड्यात काकांनी दार वाजवून नऊ नंबरची तक्रार माझ्या कानावर घातली.

आमच्या इंदूरच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील युनियनचं काम करत, आणि मी वाचायला शिकले तीही ‘कामगार बंधूंनो’ या शब्दांपासून. अन्याय दिसला तर त्याच रात्री मजकूर लिहायचा आणि सकाळी वाटायचा, ही घरची शिस्त. म्हणून मी ‘प्रकाश हा हक्क आहे, मेहेरबानी नाही’ असं पत्रक हिंदीत लिहिलं, वीस प्रती काढल्या, गल्लीतल्या घरोघरी टाकल्या आणि एक काकांच्या दारावर चिकटवली.

दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी काका ती प्रत घेऊन आले. तिच्यावर लाल शाईने दुरुस्त्या होत्या. मागण्या शेवटी येतात, मी त्या पहिल्याच परिच्छेदात मागून मोकळी झाले होते. ‘तानाशाह’ दोनदा आला होता. एकदा पुरेसा होता, दुसऱ्यांदा वाचताना जोर जातो. तिसऱ्या मुद्द्यात मी भाडेकराराचा हवाला दिला होता, पण कलम चुकीचं होतं. बरोबर कलम त्यांनी समासात लिहून दिलं होतं, आणि त्याने माझी बाजू जास्त भक्कम होत होती. खाली शेरा होता: ‘मागणी रास्त आहे. तथापि नऊ नंबरची प्रकृती पाहता सरसकट मान्य करता येत नाही. अर्जदाराने तावदानाला काळा कागद लावण्यास हरकत नाही.’ काळा कागद सोबत जोडला होता. डिंकही.

संघर्ष एका दिवसात मिटला. मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

आता त्या कराराविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हॉलमध्ये चार फुटी टँकच्या वर, जिथे इतरांच्या घरी देव किंवा आजोबा असतात, तिथे फ्रेममध्ये एक टाईप केलेला कागद लावला होता. मी राहायला येण्याच्या आधीची गोष्ट. काका बारीक वाळू आणायला एम. पी. नगरातल्या रंगीत माशांच्या दुकानात गेले होते. तिथे एक बोर्ड होता: ‘बिना गैस के पौधा नहीं टिकता’. दुकानदार हसरा, गळ्यात जाड साखळी घातलेला माणूस. एका गिऱ्हाइकाला तो तेच पटवून देत होता. काकांनी शांतपणे सांगितलं की हे असत्य आहे. शब्दाला शब्द वाढला. संध्याकाळी काका दोन प्रती टाईप करून पुन्हा दुकानात हजर.

करार असा: काकांचा चार फुटी टँक पूर्ण एक वर्ष गॅसशिवाय आणि बाटलीतल्या कुठल्याही औषधाशिवाय चालेल. शेवटच्या महिन्यात काच खरवडायची नाही. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी दुकानदाराने येऊन काचेच्या आतून पांढरा रुमाल फिरवायचा. रुमाल पांढरा निघाला तर दुकानदार बोर्ड उतरवेल. हिरवा निघाला तर काका अकराही टँक दुकानदाराला देतील आणि उरलेल्या आयुष्यात टँक ठेवणार नाहीत. साक्षीदार म्हणून काकूंची सही होती. ती इतकी ठसठशीत होती की कागद मागून फुगला होता.

दुकानदाराने हे सगळं गंमत म्हणून घेतलं होतं. काकांनी आयुष्यात कुठलाही टाईप केलेला कागद गंमत म्हणून घेतला नव्हता.

अकरा महिने टँक काचेसारखा राहिला. मग पितृपक्ष आला आणि काकांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू. नागपूरला त्यांची मुलगी असते. पितृपक्षात डॉक्टरची तारीख लगेच मिळते, असं तिने कळवलं. ऑपरेशन, मग विश्रांती, वाकायचं नाही, स्क्रीन बघायचा नाही. असे तीन आठवडे. काकूही सोबत जाणार, आणि दोघांनी परत यायचं ते कोजागिरीच्या आदल्या दिवशी.

जाताना काकांनी मला रीतसर चार्ज दिला. यादी होती: टँक अकरा. गप्पी मासे अंदाजे साठ. गोगलगाई मोजलेल्या नाहीत. पुढे ‘करावयाची कामे’ असा रकाना. दिवे सकाळी आठ ते बारा, संध्याकाळी चार ते आठ. अन्न दिवसातून एक चिमूट. आणि शेवटी, ‘इतर: काही नाही’. त्या ‘काही नाही’च्या समोर त्यांनी माझी वेगळी सही घेतली.

"हे सगळ्यात कठीण आहे," ते म्हणाले. त्या वेळी ते मला ‘तुम्ही’ म्हणत होते. कागद मधे असला की ते कोणालाही ‘तू’ म्हणत नसत. "बाकी कामं कोणीही करेल. तुम्हाला हे जमेल ना?"

मी म्हटलं, काका, काही न करणं मला जमणार नाही का?

पहिले दोन दिवस मी यादीप्रमाणे वागले. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन चार फुटी टँकसमोर बसले आणि पहिल्यांदा नीट बघितलं. पाण्याच्या वर वाटाण्याएवढ्या पानांची तरंगती रोपं होती, दाट, एकमेकांना चिकटून, सगळा पृष्ठभाग व्यापून. दिवा त्यांच्या डोक्यावर. मोकळी हवा त्यांना. त्यांची मुळं खाली लोंबत होती आणि पाण्यातलं जे काही होतं ते ओढून घेत होती. आणि खाली, त्यांच्या सावलीत, मातीत पाय रोवून उभी असलेली बाकीची झाडं: ब्राह्मी, क्रिप्ट, लांब पात्यांची गवतं. उजेड त्यांच्यापर्यंत गाळून गाळून पोचायचा. मूठभर वर बसून खातात आणि जमिनीतले अंधारात झिजतात, हे वाक्य मी कमीत कमी सहा पत्रकांत लिहिलं असेल. ते असं पाण्यात भिजून माझ्यासमोर उभं राहील असं वाटलं नव्हतं.

मी चहाची गाळणी घेतली आणि वरचे सगळे काढून टाकले. एका टँकमधून काढून बाकी दहांत ठेवणं तत्त्वाला धरून नव्हतं, म्हणून अकराही टँक मोकळे केले. दोन बादल्या भरल्या. त्या बाहेरच्या नालीत ओतल्या. मग बारा ते चारचा अंधारही रद्द केला; इतके दिवस उपाशी ठेवलेल्यांना आणखी झोपवायचं कशाला? सकाळी आठ ते रात्री आठ, सर्वांना समान उजेड. आणि त्या एका चिमटीवर साठ मासे जगतात हे बघवेना, म्हणून अन्न तिप्पट केलं.

पहिला आठवडा सोन्याचा होता. ब्राह्मीच्या पानांवर बुडबुड्यांचे मणी चढले. गवतं रोज बोटभर वाढली. मासे धष्टपुष्ट दिसायला लागले. मी रात्री टँकसमोर बसून विचार करायचे की माणसांच्या बाबतीत हे इतकं अवघड का पडतं.

दुसऱ्या आठवड्यात काचेवर हिरवट धूर आल्यासारखा दिसला. मी तो बोटाने पुसला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच. मग ब्राह्मीच्या देठांना केस फुटले. मग गवताला दाढी आली. तिसऱ्या आठवड्यात अकराही टँक पातळ पालकाच्या भाजीसारखे झाले आणि त्यातून कधीतरी एखादा जाडजूड गप्पी काचेजवळ येऊन माझ्याकडे बघून परत जायचा.

रोज संध्याकाळी नागपूरहून फोन यायचा. काकांच्या डोळ्यावर पट्टी, म्हणून फोन काकूंच्या हातात आणि प्रश्न मागून. कसं आहे? पहिल्या आठवड्यात मी खरं तेच सांगितलं होतं की उत्तम आहे. तिसऱ्या आठवड्यात मी म्हटलं, सगळं हिरवंगार आहे. यात शब्दशः काहीही खोटं नव्हतं. मागून काकांचा समाधानाचा हुंकार ऐकू आला आणि मला रात्रभर झोप लागली नाही.

एक दिवस मी त्या दुकानासमोर जाऊन उभी राहिले. आत फळीवर शेवाळ मारायच्या निळ्या बाटल्या ओळीने होत्या. एक बाटली, दोन दिवस, आणि कोणाला कळलंही नसतं. दुसरा उपाय घरात होता: दाढीचं पातं घेऊन काच आतून खरवडायची. दोन्ही गोष्टींना करारात मनाई होती. मी कोणाला तरी हरवण्यासाठी खोटं बोलू शकले असते, पण काकांना जिंकवण्यासाठी खोटं बोलायचं म्हणजे त्यांना त्यांच्याच कागदावर खोटं पाडायचं. मी तशीच क्लासला गेले आणि त्या दिवशी तपासलेल्या नोट्समध्ये अकरा चुका सोडून आले.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी ते आले. काकांच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. चपला काढून ते थेट चार फुटी टँकसमोर गेले, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ बघत राहिले. मी दाराशी उभी होते.

"ऑपरेशन चांगलं झालंय," ते काकूंना म्हणाले. "डॉक्टर म्हणाला होता, रंग जास्त उठून दिसतील. पण हिरवा इतका दिसेल असं वाटलं नव्हतं." आणि ते डावा डोळा झाकून पुन्हा बघायला लागले.

त्या क्षणी मी गप्प राहिले असते तर आणखी एक रात्र मिळाली असती. काकूंना सगळं दिसत होतं. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"काका, डोळा बरोबर आहे," मी म्हटलं. "ते शेवाळ आहे. मी केलं."

त्यांनी आता उजवा डोळा झाकून बघितलं. मग दोन्ही उघडे ठेवून. मग खुर्चीत बसले आणि काय काय केलं ते क्रमाने सांगायला सांगितलं. मी सांगितलं: तरंगती रोपं, समान उजेड, तिप्पट अन्न. कारणंही सांगितली. कारणं सांगताना माझा आवाज थोडा चढला असेल, कारण ती मला तेव्हाही पटत होती.

"वर बसून खात होते, हे बरोबर बघितलंस," काका म्हणाले. कागद मधे नव्हता, त्यामुळे ‘तू’. "पण काय खात होते? मासे घाण करतात, माती झिरपते, ते सगळं. त्यांना वायूची चिंता नाही, डोकं हवेत आहे, म्हणून ते भराभर खातात. तू त्यांना उठवलंस आणि ताट तसंच ठेवलंस. वर तिप्पट वाढलंस. मग पहिला जो भुकेला आला तो बसला."

राजकारण म्हणून हे वाक्य मला आजही मान्य नाही, आणि मी त्यावर कोणाशीही वाद घालायला तयार आहे. टँकपुरतं मात्र त्यात काही खोडून काढण्यासारखं नव्हतं.

मला वाटलं, आता खोली सोडायला सांगतील. मी तसं विचारलंही. काका म्हणाले की भाडेकरार ही वेगळी फाईल आहे.

दुसऱ्या दिवशी दुकानदार आला. हसत आला, घडी केलेला पांढरा रुमाल हातात उंच धरून. टँक बघितल्यावर त्याचं हसू आटलं. रुमाल तो हळूच खिशात घालायला लागला, तेव्हा मी पुढे होऊन सगळं सांगितलं: काकांचा यात दोष नाही, तीन आठवड्यांपूर्वी काच स्वच्छ होती, बिघडवलं ते मी.

"फिर तो बात ही ख़त्म, अंकलजी," तो सुटल्यासारखा म्हणाला. "इसको गिनेंगे ही नहीं. एक साल और ले लो."

काका उठून उभे राहिले. "रुमाल फिरवा," ते म्हणाले, आणि मग त्याला कळावं म्हणून हिंदीत, "चार्ज मैंने दिया था. आदमी मैंने चुना था. जो चुनता है, वही जवाब देता है."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं. शेवटी बाही वर करून त्याने रुमाल आत घातला आणि बाहेर काढला. तो पिळला असता तर चटणी निघाली असती.

मग जे झालं ते मी आजवर कुठल्याही स्पर्धेत बघितलेलं नाही. जिंकलेला माणूस हात जोडून विनवत होता आणि हरलेला ऐकत नव्हता. दुकानदार म्हणाला, दुकान लहान आहे, अकरा टँक ठेवू कुठे? काकांनी भिंतीवरची फ्रेम काढून आणली आणि दाखवलं की करारात जागेचा उल्लेख नाही. तो म्हणाला, निदान पाच ठेवून घ्या. काका म्हणाले, करारात ‘अकराही’ असा शब्द आहे. तो म्हणाला, अंकलजी, वह तो मज़ाक था. यावर काकांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावणीच्या सुरात सांगितलं, "आप जीते हैं. अब ज़िम्मेदारी लेनी पड़ेगी."

दोन लोडिंग ऑटो आले. टँकमधलं पाणी तळाशी चार बोटं ठेवून काढलं, मासे बादल्यांत घेतले. प्रत्येक टँक दाराबाहेर पडताना काका त्याचा कार्यमुक्तीचा आदेश वाचत होते, कुठून कुठे, कोणत्या तारखेला, आणि कागद दुकानदाराच्या हातात देत होते. काळ्या चष्म्यामुळे त्यांना अक्षर दिसत नव्हतं. ते पाठ म्हणत होते. शाळामास्तर स्कूटर थांबवून उभे राहिले. न्हाणीघरातला टँक सगळ्यांत शेवटी निघाला. तेव्हा काकूंनी तिथल्या खिडकीचा पडदा उगाच नीट केला आणि म्हणाल्या, आता तिथे साबण ठेवता येईल. शेवटी काकांनी दुकानदारालाही तीच चार्जची यादी दिली आणि ‘इतर: काही नाही’च्या समोर त्याची सही घेतली.

मी त्यानंतर दोन महिन्यांनी क्लासच्या जवळ खोली घेतली. काकांनी घालवलं नाही. मलाच त्या रिकाम्या भिंतींसमोरून रोज जाववेना. दुपारी दिवा लावायला आता कोणाचीच हरकत नव्हती आणि मी तो लावत नव्हते.

संक्रांत होऊन गेल्यावर दुकानदाराचा फोन आला. नंबर काकूंनी दिला होता. तो रडकुंडीला आला होता. म्हणाला, मॅडम, तुम्ही लिहिता ना, अंकलजींना समजेल असं काहीतरी लिहून द्या. आजवर माझ्याकडे हरलेलेच यायचे. जिंकलेल्या माणसाची तक्रार पहिल्यांदाच आली होती, म्हणून मी गेले.

दुकानाच्या एका भिंतीला अकरा टँक होते. स्वच्छ. पाणी आहे की नाही कळू नये असे. पहिल्या तीन आठवड्यांत सगळी झाडं विरघळली होती, दुकानदार सांगत होता. फेकून द्यावीशी वाटली, पण सही केली होती. म्हणून यादीप्रमाणे दिवा, यादीप्रमाणे चिमूट, आणि बाकी काही नाही. तरंगती रोपं मी मुळापासून काढली होती, असं मला वाटत होतं. ती तशी जात नाहीत. एखादं पान कुठल्यातरी कोपऱ्यात काचेला चिकटून राहतं. आता ती पुन्हा वर दाटीने पसरली होती आणि शेवाळाचं नाव नव्हतं.

त्या भिंतीच्या शेजारी, स्टुलावर, काका बसले होते. दुकान उघडताना येतात आणि पाचला जातात, असं दुकानदार कुजबुजत म्हणाला. स्वतःहून एक शब्द बोलत नाहीत. गिऱ्हाइकाने विचारलं तरच सांगतात, आणि तेही खरं. "बोर्ड मैंने नहीं उतारा, मैं जीता था. अब लोग बोर्ड पढ़ते हैं, फिर टैंक देखते हैं, फिर मुझे देखते हैं." सिलिंडर कोणी घेत नाही. आता उतरवतो म्हटलं तर काका म्हणतात, जिंकलेल्याने बोर्ड उतरवायचा नसतो, करारात तसं कुठेही नाही.

मी काकांजवळ गेले. विचारलं, हा करारभंग होत नाही का? तुम्ही आयुष्यात टँक ठेवणार नव्हतात.

"मी कुठे ठेवतो?" ते म्हणाले. "टँक त्यांचे, दिवा त्यांचा, चिमूट त्यांची. मी फक्त बसतो."

मग त्यांनी पायाने दुसरं एक स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"बस. हात मांडीवर ठेव."

मी बसले. चार फुटी टँकच्या पुढच्या काचेवर, अगदी माझ्या नाकासमोर, नखाएवढी एक हिरवी रेघ होती. बोटाने पुसली असती तर गेली असती. काकांनाही ती दिसत होती, दोन्ही डोळ्यांनी. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझी बोटं मांडीवर एकदा उठली आणि परत खाली बसली. क्लासला जायची वेळ होईपर्यंत मी त्या रेघेकडे बघत राहिले, आणि ती तशीच ठेवून उठले.